समालोचन नको, चेंडूत छर्रे घाला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात अँड्रॉइडसाठी पळण्याचा गेम केलाय. पन्हाळ्यावरून निघालेला मावळा, तीन पट्ट्यांची वाट, समोरून येणारे दगड, आडव्या फांद्या, खड्डे आणि वेचायला मोहरा. मावसभाऊ जन्मापासून अंध आहे. त्यालाही खेळता यावं म्हणून प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगणारा आवाज घातलात. तरी गडी दहा सेकंदांच्या वर टिकत नाही आणि 'मजा येत नाही' म्हणत फोन परत देतो. हातात महिना आहे आणि तुम्ही विचारताय, अजून काय काय बोलायला लावू?

माझं उत्तर: अजून काहीच नको. उलट जे बोलतंय त्यातलं निम्म्याहून जास्त बंद करा. का, ते जरा सविस्तर सांगतो. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून गेमच्या आवाजाचं काम करतो, त्याला बारा-तेरा वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं तुम्ही करताय तीच चूक मी पैसे घेऊन करत होतो.

अंधांचं क्रिकेट कधी बघितलंय का? नसेल तर बघा. चेंडू कडक प्लास्टिकचा, आत बेअरिंगचे छर्रे. अंडरआर्म टाकतात. टाकण्याआधी गोलंदाज विचारतो 'रेडी?', फलंदाज 'येस' म्हणतो, आणि चेंडू सोडताना गोलंदाज 'प्ले' म्हणून ओरडतो. मग खुळखुळत येणारा चेंडू ऐकून फलंदाज स्वीप मारायचा की सोडून द्यायचा, ते स्वतः ठरवतो. आता कल्पना करा, की चेंडू मुका आहे आणि फलंदाजाच्या कानाशी एक समालोचक उभा आहे: 'चेंडू ऑफ स्टंपच्या जरा बाहेर आहे, वेग मध्यम आहे, आता बॅट फिरवा.' तो फलंदाज नीट बोल्ड होईल. आणि चुकून चौकार गेलाच, तर तो त्याचा नसेल, समालोचकाचा असेल.

तुमच्या गेममध्ये समालोचक आहे, छर्रे नाहीत. अडचण एवढीच आहे.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. मावळा सेकंदाला ८ युनिट पळतो, अडथळा १२ युनिटवर दिसायला लागतो. म्हणजे डोळस खेळाडूला दीड सेकंद मिळतो. तुमचा आवाज म्हणतो, 'सावधान, पुढे डावीकडे मोठा दगड आहे.' मी घड्याळ लावून हे वाक्य म्हणून बघितलं, सरळ वेगात सव्वादोन सेकंद लागतात. 'दगड' हा शब्द कानावर पडेपर्यंत मावळा त्यावर आपटलेला असतो. भाऊ हरतोय ते त्याचे हात मंद आहेत म्हणून नाही, बातमी उशिरा पोचते म्हणून. आणि समजा ती वेळेत पोचली, तरी 'उजवीकडे जा' हे तुम्ही सांगणार आणि त्याने फक्त बोट फिरवायचं, यात खेळणारा कोण? मजा येत नाही म्हणतो ते बरोबरच आहे.

म्हणून पडद्यावर काय काय दिसतं याची यादी बाजूला ठेवा. कागदावर दुसरी यादी करा: खेळाडूला दर सेकंदाला कोणते निर्णय घ्यायचे असतात आणि त्या प्रत्येकासाठी काय कळायला लागतं. तुमच्या गेममध्ये ही यादी फार छोटी निघेल. मी कुठल्या पट्टीत आहे? पुढच्या दोन-तीन सेकंदांत माझ्या पट्टीत काय येतंय? बाजूची पट्टी मोकळी आहे का? उडी कधी? बस्स. मागचा गड, ढग, भगवा झेंडा, सूर्यास्त हे सगळं सुंदर आहे, पण त्यावर कुठलाच निर्णय अवलंबून नाही. हवं तर सुरुवातीला एकदा वर्णन करा, पळताना नको.

आता मेनूचं आधी उरकून टाकू, कारण ते काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. युनिटी पडद्यावरची बटणं स्वतःच रंगवते, त्यामुळे टॉकबॅकला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरला, तिथे कोरा कागद दिसतो. युनिटी २०२३.२ पासून, म्हणजे युनिटी ६ मध्येही, मोबाइलच्या स्क्रीन रीडरला बटणांची माहिती द्यायची सोय इंजिनातच आली आहे. जुन्या आवृत्तीवर असाल तर 'यूआय ॲक्सेसिबिलिटी प्लगइन' नावाचं मोफत प्लगइन मिळतं, ते वापरा. खरी गोम पुढे आहे. टॉकबॅक चालू असताना एका बोटाने केलेली स्वाइप टॉकबॅक स्वतःकडे घेतो, तुमच्या मावळ्यापर्यंत ती पोचतच नाही. स्वाइपवर चालणाऱ्या गेममध्ये सरळ मार्ग असा, की पळण्यापुरता टॉकबॅक थांबवायला सांगायचं आणि तेवढ्या वेळात गेमने स्वतः बोलायचं. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून ठेवली की टॉकबॅक बंद-चालू होतो, पण तो शॉर्टकट सेटिंगमध्ये चालू असावा लागतो. ही सूचना टॉकबॅक चालू असतानाच ऐकू आली पाहिजे. मी एकदा ती टॉकबॅक बंद केल्यावरच्या पडद्यावर ठेवली होती. हसू नका.

मराठी बोलण्याबद्दल दोन गोष्टी. कोडमध्ये आवाजाची भाषा मराठी अशी स्पष्ट नेमून द्या, नाहीतर फोनची भाषा इंग्रजी असेल तर '४५०' चं 'फोर हंड्रेड फिफ्टी' होतं आणि शेजारच्या मराठी शब्दांचं काय होतं ते विचारूच नका. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च यांतही बोलणारी इंजिनं कधीकधी गडबडतात. तुमची वाक्यं एकदा स्वतः ऐका आणि जिथे अडतं तिथे शब्द बदला. दुसरं असं, की माणसाच्या आवाजात रेकॉर्ड केलेली वाक्यं ऐकायला गोड लागतात, पण ज्याला स्क्रीन रीडरची सवय आहे तो ती ऐकता ऐकता कंटाळतो. अशी माणसं आपल्याला नुसती चुरचुर वाटेल इतक्या वेगात ऐकतात. म्हणून वेग त्यांच्या हातात द्या.

आता मुख्य काम, छर्रे.

माझा पहिला प्रयत्न सांगतो. मी प्रत्येक वस्तूला आवाज दिला. दगड, झाड, पाणी, नाणी, पक्षी, शत्रू, वारा. हिशेब केला तर एका वेळी चौदा आवाज वाजत होते. टेस्टिंगला आमच्या ओळखीतले एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. बँकेत टेलिफोन ऑपरेटर, पूर्ण अंध, कान असा की माणूस जिना चढताना ओळखतात. आप्पांनी हेडफोन घातला, अर्धा मिनिट ऐकलं, काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरा, ह्यो खेळ हाय का लक्ष्मीपुरीतला बाजार?"

डोळा एका नजरेत दहा गोष्टी टिपतो आणि नको त्या सोडून देतो. कानाला ते जमत नाही. त्याच्यापुढे सगळं एकाच दारातून येतं. म्हणून निवड तुम्हाला करावी लागते. माझा नियम आता असा आहे: धोक्याचे एका वेळी जास्तीत जास्त तीन आवाज. त्यातही सगळ्यात जवळचा मोठा, बाकीचे मागे. कोणी बोलायला लागलं की बाकी सगळं खाली जातं. युनिटीच्या ऑडिओ मिक्सरमध्ये त्यासाठी 'डक व्हॉल्यूम' आहे. आणि तुमचा ढोल-ताशा आधी बंद करा. तुमच्या व्हिडिओत तो जोरात वाजतोय. ढोल खालचे सूर झाकतो, ताशा वरचे, मध्ये ऐकायला काही उरतच नाही. संगीत, परिणाम आणि बोलणं यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता आले पाहिजेत, हे तर सांगायलाच नको.

ढोल काढल्यावर रिकामं वाटेल, तर हलगी घ्या. आपल्या खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी चढते, आणि मैदानाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसालाही कळतं की आता काहीतरी होणार. तेच करा. अडथळा लांब असताना ठेका संथ, जवळ येईल तसा जलद. तुमच्या पार्श्वसंगीतालाच छर्रे लागले. फक्त एक सांभाळा. ठेक्याचा वेग अंतरावरूनच ठरू दे. 'इथे जरा जोश पाहिजे' म्हणून मध्येच चढवलात, तर खेळाडूचा त्यावरचा विश्वास उडेल आणि परत बसणार नाही.

दिशेसाठी डावा-उजवा कान आहेच. बाजूने आलेला आवाज लांबच्या कानात साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, शिवाय डोक्याच्या आडोशाने थोडा दबतो. मेंदू एवढ्यावरून दिशा काढतो. पुढचा आणि मागचा आवाज मात्र कान सहज अदलाबदल करतो, कारण दोन्ही कानांपर्यंतचं अंतर तेच पडतं. तुमचं नशीब चांगलं, की पळण्याच्या गेममध्ये मागून काही येत नाही. आवाज निवडताना शुद्ध एकसुरी 'टीऽऽ' घेऊ नका, त्याची दिशा नीट लागत नाही. खरखर, टकटक, सळसळ असे अनेक सूर मिसळलेले आवाज घ्या. दगडाला छिन्नीची टकटक, फांदीला पानांची सळसळ, खड्ड्याला पोकळ घुमारा. मोहरांची किणकिण वर असेल तर वरच्या सुरात, खाली असेल तर खालच्या.

पण नुसत्या डाव्या-उजव्यावर सगळं सोडू नका. कितीतरी फोनना एकच स्पीकर असतो, तिथे डावं-उजवं एकत्र होतं. कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं. अशा वेळी डाव्या पट्टीचा आणि उजव्या पट्टीचा सूरच थोडा वेगळा असेल, तर काम चालतं.

आणि ब्लूटूथ. हा आमच्या धंद्यातला खरा वैरी. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज शंभर ते तीनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं अगदी नेहमीचं आहे. दोनशे धरा. तुमचा मावळा तेवढ्यात १.६ युनिट पुढे गेलेला असतो. डोळसाला पडद्यावर बरोबर दिसतं म्हणून त्याला पत्ता लागत नाही. अंध खेळाडू मात्र दर वेळी थोडक्यात हुकतो आणि आपलंच चुकलं समजतो. सेटिंगमध्ये एक छोटी चाचणी ठेवा: एका ठेक्यात वाजणाऱ्या टिकच्या तालावर टॅप करा, असं दहा वेळा. त्यावरून उशीर काढा आणि सगळे इशारे तेवढे आधी वाजवा. युनिटीत ऑडिओचा डीएसपी बफर (वाजण्याआधी आवाज साठतो ती जागा) 'बेस्ट लेटन्सी' वर ठेवा आणि छोटे आवाज 'डीकंप्रेस ऑन लोड' करा, म्हणजे फोनच्या आतला उशीर तरी कमी होईल.

इशारा किती आधी? माझ्या मते तुमच्या गेमला अडीच ते तीन सेकंद, म्हणजे २० ते २४ युनिट. 'मग त्याला डोळस खेळाडूपेक्षा जास्त वेळ मिळाला, ही फसवणूक नाही का?' असं तुमचे सर विचारतील. नाही. डोळ्याला अख्खी वाट एकदम दिसते, कानाला ती एकेक करून गोळा करावी लागते; जास्तीचा वेळ त्या गोळा करण्यात जातो. क्रिकेटमध्येच बघा, पूर्ण अंध म्हणजे बी-वन गटातल्या फलंदाजाची धाव दुप्पट मोजतात आणि अकरा जणांत असे किमान चार खेळाडू असावेच लागतात. म्हणून तो खेळ लुटुपुटीचा होत नाही. भारताच्या अंध पुरुष संघाने २०१२, २०१७ आणि २०२२ असे पहिले तीनही टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेत, त्यांना जाऊन विचारा सोपं होतं का.

आता एक प्रसंग जरा बारकाईने सांगतो, कारण त्या अर्ध्या तासात मी जितकं शिकलो तितकं कुठल्या पुस्तकात शिकलो नसतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही असाच पट्ट्यांवर पळायचा एक गेम केला. मी पडदा काळा करून स्वतः खेळलो, चार मिनिटं टिकलो, खूश झालो. शनिवारी आमच्याकडे बी.ए. करणारी एक मुलगी टेस्टिंगला येते. तिने फोन घेतला, नेहमीसारखा पडदा छातीकडे करून धरला, म्हणजे स्पीकर तोंडासमोर येतो, आणि अंगठा टेकवला. वीस सेकंदांत खड्ड्यात. परत वीस सेकंद, परत खड्ड्यात. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझा दंड धरला. पाचव्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "दादा, खड्डा सुरू होतो ते कळतं. संपतो कधी ते कुठं कळतंय? छोटा आहे का मोठा, काय समजून उडी मारू?"

मला हे सुचलंच नव्हतं, कारण खड्डे मीच खणले होते. डोळे मिटले तरी कुठला खड्डा किती मोठा हे माझ्या डोक्यात होतं. स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली टेस्ट म्हणूनच फसवी. तुम्हाला अंधार मिळतो, अज्ञान मिळत नाही. आणि उलट बाजूने, अंध माणसाला वर्षानुवर्षांची जी ऐकायची सवय आहे तीही तुमच्याकडे नसते.

मग आम्ही खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर दुसरा आवाज ठेवला, गवतात किड्यांची किरकिर. घुमारा आणि किरकिर यांत जेवढं अंतर, तेवढा खड्डा रुंद. तिने पुन्हा घेतला, दोनदा पडली, आणि मग असली सुटली की मोहरा वेचायला लागली. थोड्या वेळाने तिची दुसरी मागणी आली. "मी आत्ता कुठल्या पट्टीत आहे ते विसरायला होतं. दर वेळी 'मधली पट्टी, मधली पट्टी' असं बोलू नका हां, डोकं उठतं." मी विचारलं, मग काय करू? तर म्हणाली, "आमच्या गल्लीत मला कळतं की मी गटारीच्या कडेने चाललेय का मधून. फरशी वाजते, माती वाजत नाही."

झालं. डावी पट्टी गवताची, मधली मातीची, उजवी दगडी. मावळ्याची पावलंच सांगतात तो कुठे आहे. एक शब्द बोलावा लागत नाही, कुठलाही जास्तीचा आवाज नाही, कारण पावलं आधीपासून वाजतच होती. तुमच्या पन्हाळ्याच्या वाटेला तर हे अगदी शोभून दिसेल. हा एकच बदल आज रात्री करून बघा. मावसभावाकडून उद्या काय ऐकायला मिळतं ते मला कळवा.

मोठ्या कंपन्यांनी काय केलंय तेही बघून ठेवा, पण नक्कल विचार करून करा. २०२० मध्ये आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठीच्या सोयींच्या साठाहून जास्त सेटिंग आहेत आणि तो पूर्ण अंध खेळाडूंनी शेवटपर्यंत खेळलाय. त्यातली एक गोष्ट तुम्हाला फुकटात उचलता येईल: इशाऱ्यांचा कोश. सेटिंगमध्ये प्रत्येक आवाज एकेक करून ऐकायचा आणि त्याचा अर्थ वाचून घ्यायचा. माझ्या अनुभवात आठ-दहापेक्षा जास्त इशारे असतील तर असा कोश हवाच. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये प्रतिस्पर्धी किती लांब आहे, फटका वरचा बसला का खालचा, असे आवाज स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात. हे मला फार पटतं. नवख्याला सगळे लागतात, मुरलेला एकेक काढून टाकत जातो. मारामारीचे गेम अंध खेळाडू अशा सोयी येण्याच्या आधीपासून खेळत आलेत हेही ध्यानात घ्या. दोनच माणसं, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येक डावाचा आवाज ठरलेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण छर्रे होते.

त्याच वर्षीच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' मध्ये अंधांना गाडी चालवण्यासाठी आवाजाचे इशारे आहेत: वळण कुठे, रस्त्याची कड किती जवळ, गिअर कधी. ते घडवताना ब्रँडन कोल या अंध गेमरचा सल्ला घेतला होता. त्याच्या आधी २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रायन स्मिथ यांनी शर्यतीच्या गेमसाठी असाच एक प्रयोग मांडला होता. 'डावीकडे वळा' असं न सांगता गाडीचा वेग, दिशा आणि पुढचं वळण एवढंच आवाजातून द्यायचं, वळण कसं घ्यायचं ते चालवणाऱ्याने ठरवायचं. मी वर जे क्रिकेटचं सांगितलं, तेच त्यांनी गाडीवर करून दाखवलं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, तिथे मी छातीठोक सांगणार नाही. 'आता उडी मार' असा नेमक्या क्षणाचा इशारा द्यावा का? सोप्या पातळीवर द्या, वरच्या पातळीवर काढा. पण खेळाडूच्या बोटांनाही अडचण असेल तर तो कायम ठेवायची मुभा हवी. कंप द्यावा का? चांगल्या फोनवर उत्तम. स्वस्त फोनची मोटर फिरायला लागेपर्यंत वेळ जातो, म्हणून त्यावर निर्णयाची बातमी टाकू नका. आपटल्यावर वगैरे चालेल. आणि तुमचा भाऊ जन्मापासून अंध आहे, पण उद्या गेम दुसऱ्या कुणाकडे गेला तर त्याला थोडं दिसत असेल. अंध म्हणवणाऱ्या कितीतरी जणांना उजेड, आकार, ठळक रंग कळतात. त्यांच्यासाठी मागचा देखावा करडा करून अडथळे ठळक रंगात दाखवणारा एक पर्याय ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. नंतर दृष्टी गेलेल्या माणसाला 'लाल दरवाजा' म्हटलेलं आवडतं, तुमच्या भावाला त्याचा उपयोग नाही. दिशा सांगायचीच वेळ आली तर घड्याळाची भाषा वापरा: 'दोन वाजता दरवाजा'. ती बहुतेकांना सवयीची असते.

गेम दुसऱ्या प्रकारचा असता तर उत्तरही बदललं असतं. पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा असता तर मी म्हणालो असतो, खुशाल सगळं बोलायला लावा, तिथे वेळेची घाई नाही. घाई असते तिथेच बोलणं अंगाशी येतं.

एक सावधगिरी, पोळलेल्या तोंडाने सांगतो. बाहेरगावच्या एका कंपनीसाठी आम्ही तीन महिने खपून एक गेम असा तयार केला. आप्पांनी पास केला. दोन महिन्यांनी त्या कंपनीने मेनूचं नवं रूप आणलं आणि सगळ्या बटणांची नावं उडाली. टॉकबॅक प्रत्येक ठिकाणी म्हणायचा, 'बटण. बटण. बटण.' कुणाला कळलंच नाही, कारण तिथे ऐकून बघणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे एक छोटी स्क्रिप्ट आहे. नाव नसलेलं एक जरी बटण सापडलं तरी बिल्ड, म्हणजे गेमची तयार प्रत बनणं, थांबतो. तुमचा प्रोजेक्ट छोटा आहे, पण ही सवय आत्ताच लावा.

महिन्याचं म्हणाल तर माझा क्रम असा राहील. पहिल्या दोन दिवसांत पळताना बोलणारं सगळं बंद, ढोल बंद, तीन पट्ट्यांची तीन पावलं. मग आठवडाभर दगड, फांदी आणि खड्डा एवढेच तीन आवाज, सुरुवात आणि शेवट दोन्ही कळतील असे, अडीच-तीन सेकंद आधी वाजणारे. भाऊ दोन मिनिटं टिकला की मगच मोहरा घाला. तो टिकत नसेल तर वेग कमी करायची सोय सेटिंगमध्ये द्या, पण मावळा आपोआप अडथळे चुकवेल असलं काही करू नका. मेनू, कोश, ब्लूटूथची चाचणी हे तिसऱ्या आठवड्यात. चौथा आठवडा नुसता टेस्टिंगला ठेवा. आणि एकट्या भावावर भागवू नका. तो तुमच्यावर प्रेमापोटी 'बरं आहे' म्हणेल. किमान तीन-चार जण शोधा, एक तरी पन्नाशीच्या पुढचा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, जेवढे डोळस टेस्टरला देता तेवढेच. चहा-मिसळीवर काम उरकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे नको.

शनिवारी दुपारी आप्पा आमच्याकडे असतात, ती मुलगीही असते. बिल्ड झाला की भावाला घेऊन या. तो खेळत असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, आप्पांशेजारी बसायचं, म्हणजे ते दंड धरतील. आणि येताना वायरवाला इअरफोन आणा.